लेकीचे निदान आणि आईबापांची तपासणी

मूल आजारी पडले की घराचे सारे लक्ष त्याच्याभोवती गोळा होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु काही आजारांचे निदान मुलापाशी थांबत नाही. ते आईबापांकडे आणि भावंडांकडेही पाहावयास लावते. सिलिॲक हा त्यांपैकी एक. बोलण्यात त्याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात, पण ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि आपल्याकडे क्वचितच दिसणारे राय (ही मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की हा आजार असणाऱ्याच्या शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजतात आणि पोटभर जेवूनही अंगी काही लागत नाही.

आमच्या धाकट्या लेकीचे निदान ती सात वर्षांची असताना झाले. उंची थांबलेली, पोट फुगलेले, आणि हिमोग्लोबिन कोणत्याही टॉनिकाने वाढेना. नांदगावाहून नाशिकला अनेक फेऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आणि लगेच म्हणाले, “आता तुम्हा दोघांची आणि मोठ्या मुलाचीही रक्ततपासणी करून घ्या.” मी चपापले. बाळंतपणानंतर कायमचा राहिलेला अशक्तपणा, वरचेवर तोंड येणे, या साऱ्या गोष्टी मी ‘बायकांचे असतेच’ म्हणून सोडून दिल्या होत्या. आता मनात प्रश्न उभा राहिला : मलाही हाच आजार असेल का? आणि त्याच्या आड दुसरा : लेकीला हे माझ्यामुळे तर झाले नाही ना?

हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि ते निराळे ठेवले पाहिजेत. आपल्या घरांत दुसरा प्रश्न फार लवकर विचारला जातो. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या घराण्यात तर असे कोणाला नव्हते.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण अशा वाक्याचा भार सुनेवरच पडतो. वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहावे. या आजारासाठी एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हा आनुवंशिक घटक अंगी असावा लागतो. तो साधारण तीन माणसांतील एकाजवळ असतोच, आणि त्यांतील फार थोड्यांना आजार होतो. मुलाकडे तो आईकडून येईल, वडिलांकडून येईल किंवा दोघांकडूनही येईल. यात कोणाचा दोष नाही.

उरला पहिला प्रश्न. दिल्लीच्या एम्समधील डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून रुग्णांच्या नातेवाइकांचा हिशेब मांडला. सर्वसाधारण लोकांत शंभरात सुमारे एकाला हा आजार असतो. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हे प्रमाण सरासरी साडेसात टक्के आढळले. भावंडांत ते सुमारे ९ टक्के, रुग्णाच्या मुलांत सुमारे ८ टक्के आणि आईबापांत ३ टक्के. म्हणजे शंभर आईबापांतील सत्त्याण्णवांना हा आजार नसतो. घाबरून जावे असा हा आकडा नाही, पण दुर्लक्ष करावे असाही नाही.

‘आमच्या घराण्यात नव्हते’ याचेही थोडे उत्तर आकड्यांत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशाच्या तीन भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. रक्तात या आजाराची प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत अवघे ०.१० टक्के निघाले. आनुवंशिक घटक तिन्ही भागांत फारसा निराळा नव्हता. गव्हाचा वापर मात्र उत्तरेत कित्येक पट होता. आपला नांदगाव तालुका बाजरीचा. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज राजस्थान-गुजरातेतून येथे आले, आणि या मातीची बाजरीची भाकरी त्यांच्या ताटात आली. आज त्याच घरांत सकाळी खाकरा, चहाबरोबर टोस्ट आणि दोन्ही वेळा फुलके असतात. शिवाय ज्या काळी तपासणीच नव्हती त्या काळी ‘कोणाला नव्हते’ असे खात्रीने कोण सांगणार?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलाचे निदान झाले की मायेपोटी सारे घरच गहू सोडते. हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना पूर्वीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे बालरुग्ण सुधारले. पुढे १९५० च्या प्रबंधात त्यांनी हे सिद्ध केले. तेव्हा गहू सोडणे हाच उपचार, यात शंका नाही. पण ज्यांची तपासणी व्हावयाची आहे त्यांनी तो आधी सोडू नये. गहू बंद झाला की रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात, आतडे सावरू लागते, आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून क्रम असा : आधी तपासणी, मग पथ्य. कोणी गहू आधीच सोडला असेल तर त्याने आपल्या मनाने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना विचारावे. उपवासात किंवा आयंबिलात पोट हलके वाटते, एवढ्यावरूनही निदान होत नाही.

पहिली तपासणी साध्या रक्ताची असते. तिचे नाव टीटीजी-आयजीए. तिच्यासोबत एकूण आयजीएही मोजून घ्यावे, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिला अहवाल फसवतो. अहवालात दोष दिसल्यास प्रौढांमध्ये बहुधा एन्डोस्कोपी करून आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. डीक्यू२-डीक्यू८ ची तपासणी निराळी. ती नकारार्थी आली तर हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ नसते. होकारार्थी आली तर एवढेच कळते की पुढेही लक्ष ठेवले पाहिजे.

माझा अहवाल निर्दोष आला. अशक्तपणा लोहाच्या कमतरतेचा होता आणि त्याचे कारण निराळे निघाले. मुलाचाही अहवाल चांगला आला. दोष निघाला तो आमच्या ह्यांच्या अहवालात. दिवसभर दुकानात उभे राहणारे, वर्षानुवर्षे डोकेदुखीचीही गोळी न घेतलेले. “मला काय झाले आहे?” असे म्हणत ते तपासणीला आले होते. एन्डोस्कोपीने निदान पक्के झाले, आणि हाडांची घनता वयाच्या मानाने कमी भरली. लक्षणांवरून अंदाज बांधणे किती फसवे असते, हे तेव्हा कळले. प्रौढांत हा आजार पोटदुखी-जुलाबांच्या रूपाने दिसेलच असे नाही. न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, थकवा, खाजरे फोड, वारंवार गर्भपात अशा आडवाटांनीही तो दिसतो. आणि कित्येकदा दिसतच नाही.

पथ्य म्हणजे गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया आणि जव हे सारे आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, राजगिरा आणि सर्व डाळी मोकळ्या आहेत, त्यामुळे आपल्या भागात उपाशी राहण्याची वेळ येत नाही. सांभाळायच्या जागा वेगळ्याच आहेत. पिवळ्या पुडीतील हिंगात बहुधा मैदा असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. खपली गहू ‘चालतो’ असे अनेक जण सांगतात, पण तो गहूच आहे आणि चालत नाही. गिरणीत गव्हानंतर लगेच बाजरी दळली तर तीत गव्हाचे पीठ उतरते, म्हणून घरघंटी घ्यावी. पुऱ्या तळलेले तेलही नको. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. पण त्याच पाकिटात बटाट्याचा स्टार्च, कंदापासून केलेला टॅपिओका किंवा अंडेही असू शकते. आपल्या घरांनी दोन्ही अंगांनी वाचावे. रंगाप्रमाणे एकेका धान्याची ओळी करणाऱ्यांना सिद्धपदाच्या दिवशी गहू येतो. अशा तपस्व्याने पर्यायाविषयी महाराजसाहेबांना आधीच विचारावे.

शेवटी एक अवघड गोष्ट. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे म्हणून निदान लपवून ठेवणारी घरे आपल्यात आहेत. लपविलेले पथ्य पाळता येत नाही. सासरच्या पंगतीत नवी सून ‘मला पोळी चालत नाही’ असे म्हणू शकली नाही, तर तिची प्रकृती, तिची हाडे आणि पुढे तिचे मातृत्व पणाला लागते. बोलणी सुरू होतानाच सांगावे. ज्या घराला भाकरी करून देणे जड वाटते, ते घर आधी कळलेलेच बरे.

ह्यांचे निदान झाल्यावर त्यांचे भाऊ आणि बहीण हेही रुग्णाचे सख्खे नातेवाईक ठरले. ह्यांनी दोघांनाही दुसऱ्याच दिवशी फोन केला. ज्या घरात एकाचे निदान झाले आहे, त्या घरातील आईबाप, भावंडे आणि मुले यांनी गहू खात असतानाच तपासणी करून घ्यावी. अहवाल चांगला आला तरी तो आजचा आहे, कारण हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. लक्षणे दिसल्यास लगेच, आणि मुलांच्या बाबतीत दोन-तीन वर्षांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पुन्हा पाहावा. आमच्या मुलाची पुढील तारीख आम्ही दुकानातील कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.