धीर देण्यापलीकडची आशा

मधुमेहासारख्या आजाराच्या उपचाराचा मोठा भाग दवाखान्याबाहेर, रुग्णाच्या स्वयंपाकघरात आणि कामाच्या ठिकाणी पार पडतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांना सवयी बदलायला मदत करणाऱ्या आरोग्य-समुपदेशकाने रुग्णाला विचार करायला लावून त्याच्या मनात आशा रुजवावी, या सूचनेला विरोध करणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं : आशा ही भावना आहे, उपचार नव्हे. रुग्णाला रक्तातल्या साखरेचे आकडे सांगा, आहाराचा तक्ता हातात द्या, गोळ्या वेळेवर घ्यायला बजावा. प्रश्नोत्तरं करत बसणं ही चैन आहे, आणि खोटी आशा तर निराशेपेक्षा घातक आहे. हे आक्षेप पोकळ नाहीत, पण त्यांचा रोख भलत्याच आशेवर आहे.

विरोधकांचं जे बरोबर आहे, ते आधी मान्य करू. ‘सकारात्मक राहा, सगळं ठीक होईल’ हा उपदेश पुराव्यापुढे टिकत नाही. डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांवरचा जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाचं भावनिक स्वास्थ्य आणि त्याचं जगणं-वाचणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. त्याआधी १९९१ मध्ये गॅब्रिएल एटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला हे जमेल’ अशी अपेक्षा असणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी उतरलं. विरोधकांच्या आक्षेपाला उत्तर याच निष्कर्षात आहे. अपेक्षा आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वप्नरंजनाला कशाचाच आधार लागत नाही. अपेक्षा माणसाच्या स्वतःच्या अनुभवावर उभी राहते.

तो अनुभव रुग्णाच्याच आठवणीतून शोधून काढणं, हे नेमक्या प्रश्नांच्या साहाय्याने केलेल्या चिंतनाचं काम आहे. कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेचे तीन घटक मांडले : ध्येय, तिथवर पोचण्याच्या वाटा आणि त्या वाटेने आपण जाऊ शकतो ही खात्री. समजा, एसटीचा एक वाहक मधुमेही आहे. ड्यूटी पहाटे पाचची, दुपारचं जेवण कुठल्या आगारात होईल याचा नेम नाही, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा सरासरी निर्देशांक, ९ वर. ‘बाहेरचं खाऊ नका’ म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुढच्या खेपेला तोच आकडा घेऊन येतो. त्याऐवजी समुपदेशकाने विचारावं, गेल्या महिन्यात घरचं जेवण वेळेवर झालं असा दिवस कोणता? तेव्हा वेगळं काय होतं? दुपारपाळी होती, डबा बरोबर होता. मग पहाटेच्या ड्यूटीला अडतं कुठे? बायकोला तीनला उठवणं जिवावर येतं. रात्रीच काय बांधून ठेवता येईल? भाकरी, उकडलेली अंडी, फुटाणे. तेही राहिलं, तर स्टँडवर वडापावऐवजी काय मिळेल? आठवड्यातून किती दिवस जमेल, आणि दहापैकी किती खात्री वाटते? खात्रीचा आकडा त्याने ‘चार’ सांगितला, तर ‘दोन का नाही?’ असं विचारावं. आपल्याला का जमेल, याची कारणं तो मग स्वतःच्या तोंडून सांगू लागतो. या संवादात कुणी कुणाला धीर दिलेला नाही, तरी स्नायडर यांचे तिन्ही घटक त्यात आले आहेत.

केवळ माहिती पुरते, हा दावाही तपासून पाहू. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर अमेरिकेत झालेल्या प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. प्लासिबोच्या तुलनेत मधुमेहाचं प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी, तर जीवनशैलीतल्या बदलाने ५८ टक्क्यांनी घटलं. गोळ्या घेणाऱ्या दोन्ही गटांना आहार-व्यायामाची लेखी माहिती आणि वर्षातून एकदा समजावणी मिळतच होती. जीवनशैली गटात मात्र प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता, आणि सोळा धड्यांत अडचणी सोडवणं, नकारात्मक विचारांना उत्तर देणं, घसरल्यावर सावरणं यांचेही धडे होते. सगळं श्रेय चिंतनाला देणं चूक ठरेल. पण माहितीच पुरली असती, तर एवढा फरक पडला नसता.

यासाठी तज्ज्ञ आणि वेळ कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. याच्या जवळच्या एका क्षेत्रात गोव्याने उत्तर दिलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत जगण्यातल्या छोट्या कृती पुन्हा सुरू करायला मदत केली. २०१७ च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून सावरले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

सर्वांत गंभीर आक्षेप उरतोच : आशेची भाषा व्यवस्थेचं अपयश रुग्णाच्या माथी मारते. चिंतन प्रामाणिक नसेल, तर हे नक्कीच घडतं. पण ‘अडतं कुठे?’ हा प्रश्न मनापासून विचारला, की कोणता अडथळा रुग्णाच्या हातातला आणि कोणता हाताबाहेरचा, हे वेगळं काढता येतं. ड्यूटीचं वेळापत्रक वाहकाचा दोष नव्हे, आणि समुपदेशकाने तसं नोंदवलं पाहिजे, वर कळवलंही पाहिजे. ‘ऐकत नाही’ असा शेरा मारणाऱ्या तक्त्यापेक्षा ही पद्धत रुग्णाला अधिक न्याय देते. म्हणून असंसर्गजन्य आजारांच्या प्रत्येक दवाखान्यात समुपदेशकांना असे प्रश्न विचारण्याचं प्रशिक्षण मिळावं, आणि फेरतपासणीत त्यासाठी वेळ राखून ठेवावा. रुग्णाला त्याचाच जमलेला दिवस दाखवून पुढची पायरी ठरवायला लावणारी आशा ही खोटी नसते; ती उपचाराचाच भाग आहे, आणि ती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.