कुंडीला भोक हवे!

बागकामाला सुरुवात कधी करावी याला काही शास्त्र असेलच. मी ती फेब्रुवारीअखेरीस, बेसा येथे, तिसऱ्या मजल्यावरच्या सहा बाय तीनच्या बाल्कनीत केली. नागपुरात फेब्रुवारीअखेर म्हणजे उन्हाळ्याने दाराची कडी वाजवायची वेळ. पण आईला महालातल्या जुन्या घरातून इकडे आणले, तेव्हा परसातली जास्वंद आणि प्राजक्त तिथेच राहिले. घरची पाच फुले देवाला मिळावीत, एवढेच तिचे मागणे. "विकतच्या फुलानंही देव पावतो रे, पण उशिरा," असे तिचे मत.

मी चार कुंड्या आणल्या. चिनी मातीच्या, निळ्या, चकचकीत! त्यांत दोन गुलाब, एक मोगरा, एक पिटुनिया. पिटुनिया हे थंडीतले झाड, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तो एवढेच म्हणाला, "काही नाही भाऊ, रोज पाणी टाकाचं."

रोज टाकले. एप्रिलात ऊन तापले, तसे दोनदा टाकले. पाने पिवळी पडली. म्हटले, तहान लागली असेल. तीनदा टाकले. मेच्या पहिल्या आठवड्यात चारही झाडे गेली. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि माणसे कूलरपुढून हलत नाहीत, त्या नागपुरात माझी झाडे बुडून मेली!

आईने गुलाब उपटला. मुळे काळी, लिबलिबीत. वास तर विचारूच नका. तिने कुंडी उलटी करून बुडाकडे पाहिले. "काहून रे, याला भोक कुठं आहे?"

भोक नव्हते.

वाचकहो, माझे भांडण इथे सुरू होते. बिनबुडाचे पातेले गळ्यात मारले, तर आपण भांडेवाल्याला सोडतो का? मग बिनभोकाची कुंडी विकणाऱ्याला 'थँक्यू' म्हणून का येतो? मुळांनाही हवा लागते. जादा पाणी खालून निघून गेले, तरच मातीत हवा शिरते. त्यातून आपली काळी माती! ओली झाली की डिंक, वाळली की भेगा. शेतात कपाशीला ती लक्ष्मी. बंद भांड्यात नुसता रबडा.

दुकानदाराशी वाद घालायला गेलो, तर म्हणतो, "भोक ठेवलं तर फरशी खराब होते म्हणते गिऱ्हाईक. खाली गोटे टाका न साहेब." गोट्यांतले पाणी जाते कुठे? ते तिथेच तुंबते आणि वरची माती चिंबच राहते. म्हणजे झाड मेले तरी चालेल, फरशी जगली पाहिजे! शेवटी इलेक्ट्रिशियनला ड्रिल घेऊन बोलावले. दोन कुंड्यांना भोक पडले. उरलेल्या दोन भोकांना कुंडी राहिली नाही.

आईने मात्र भंगारात निघालेली जुन्या कूलरची टाकी अडवून ठेवली. गंजून तिच्या बुडाची चाळणी झाली होती. तीत काळी माती, रेती, शेणखत घालून सदाफुली आणि चिनी गुलाब लावला. पाण्याचा नियम एकच. मातीत बोट पेरभर खुपसायचे, कोरडे लागले तरच घालायचे. हे 'रोज पाणी टाकाचं' म्हणणाऱ्याला सांगता आले नसते? बोट तर त्यालाही होते.

जुलैत देवापुढे पाच फुले आली. गुलाबी, साधी, निळ्या कुंडीत अजिबात न शोभणारी. एका कुंडीत सध्या छत्र्या ठेवतो. तिच्या भोकातून पाणी छान निघून जाते.

दुकानदाराची एक गोष्ट मात्र खरी होती, पाणी टपकते. टाकीखाली आता पत्र्याचा ट्रे ठेवला आहे आणि डासांच्या भीतीने तो रोज रिकामा करतो. पण ही अक्कल मेमध्ये आली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या भिजलेल्या कुरडयांचा हिशेब अजून बाकी आहे.