अवघड की अनोळखी?

‘लिनक्स अवघड असतं हो!’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की हल्ली मी उलट एकच प्रश्न विचारते, ‘तुम्ही कधी वापरून पाहिलंत?’ उत्तर ठरलेलं. ‘मी नाही, पण सगळेच म्हणतात.’ वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर बाईंनी त्याला काय सुनावलं असतं, ते सांगायला नको!

अवघड आणि अनोळखी हे दोन वेगळे शब्द आहेत. मोडी लिपी आज आपल्यापैकी बहुतेकांना वाचता येत नाही. म्हणून ती अवघड होती का? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगावचे कुलकर्णी आणि दुकानदार ती झरझर लिहीत होतेच की. आपल्याला ती कोणी शिकवली नाही, एवढंच.

लिनक्सचं नेमकं हेच झालं आहे. गेली काही वर्षं माझ्या घरच्या संगणकावर लिनक्स मिंटखेरीज दुसरं काही नाही. अडीअडचणीला म्हणून विंडोज बाजूला ठेवलंय, असंही नाही. बँक, वीजबिल, आयकराचं विवरणपत्र ही सगळी कामं ब्राउजरमधून होतात. पत्रं आणि लेख लिहायला लिबरऑफिस आहे. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक आतच असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा की झालं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसावं लागतं ही समजूत जुनी झाली. मला तशी वेळ वर्षातून एकदोनदा येते.

आता हा विषय आजच का? तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ घ्या म्हणावं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे त्याआधीचे बहुतेक संगणक, उत्तम चालत असले तरी, कंपनीच्या लेखी बाद! थोडी मुदतवाढ दिली आहे, पण मुदतवाढ म्हणजे फक्त तारीख पुढे ढकलणं. उद्या सायकलच्या कंपनीने सांगितलं की दहा वर्षं झाली, आता हिचे ब्रेक आम्ही दुरुस्त करणार नाही आणि दुसऱ्या कोणाला करूही देणार नाही, तर आपण गप्प बसू का? संगणकाच्या बाबतीत मात्र निमूटपणे खिशात हात घालतो. घरचं एक वेळ सोडा. जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेले चार संगणक असतात, ते मोडीत घालायचे आणि पुन्हा गावापुढे झोळी पसरायची?

माझा खरा राग मायक्रोसॉफ्टवर नाही. कंपनी आपला माल विकणारच, तो तिचा धंदा आहे. राग आहे तो आपल्या शिक्षणव्यवस्थेवर. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी लागतो म्हणून लाखो लोकांनी तो केला. त्यातलं ‘एमएस’ महाराष्ट्र राज्याचं, पण शिकवलं काय? विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. संगणक साक्षरतेच्या नावाखाली आपण एका कंपनीच्या दुकानातली मांडणी पाठ करून घेतली. भूगोलाच्या तासाला एकाच प्रवासी कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवलं तर पालक चालवून घेतील का?

आणि दुसरा मार्ग नव्हता असं नाही. केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प त्याच सुमारास सुरू केला आणि पुढे शाळांतला संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. तिथली दहावीची मुलं प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवर देतात. ती काही आपल्या मुलांपेक्षा वेगळ्या मातीची नाहीत. त्यांच्या शिक्षकांना आधी नीट शिकवलं गेलं, एवढाच फरक.

लिनक्सला सगळं जमतं असा माझा दावा नाही. टॅली आणि फोटोशॉप त्यावर थेट चालत नाहीत. एखादा प्रिंटर रुसतो. जुन्या फॉन्टांवर संसार मांडलेल्या डीटीपीवाल्यांची अडचण खरी आहे. ज्यांचं पोट या गोष्टींवर आहे, त्यांनी खुशाल विंडोज वापरावं. पण पत्रं लिहिणारे, बातम्या वाचणारे, नातवंडांशी बोलणारे आणि शाळेत निबंध टाइप करणारे यांचं काय अडतं?

‘फुकट ते निकृष्ट’ म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. आणि फुकट ही गोष्ट दुय्यम आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी त्याला जीपीएल हा परवाना लावला. तो परवाना सांगतो : वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. ज्ञान वाटल्याने वाढतं हे आपण फळ्यावर सुविचार म्हणून किती वर्षं लिहीत आलो! इथे ते कोणीतरी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं आहे.

तेव्हा पुढच्या पालकसभेत एक प्रश्न जरूर विचारा : आमच्या मुलांना तुम्ही संगणक शिकवता, की एका कंपनीचा संगणक? आणि शाळेतले जुने संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्यातल्या एकावर लिनक्स टाकून मुलांपुढे ठेवा. ती आठवड्याभरात शिकतील. अवघड जाईल ते आपल्याला, कारण सवय आपली मोडायची आहे.