बास्केटबॉलचा बूट कसा पारखावा?

विद्यार्थिमित्रहो, बास्केटबॉलचे बूट घ्यायला दुकानात गेल्यावर तुम्ही आधी काय पाहता? बहुतेक जण प्रथम रंग पाहतात, मग कंपनीचे नाव पाहतात आणि शेवटी भीत भीत किंमत विचारतात. बूट उलटा करून त्याचा सोल पाहणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. पाहण्यासारखे जे आहे ते मात्र बरेचसे तेथेच असते! घर्षण, बल, ऊर्जा हे धडे तुम्ही शाळेत शिकता. ते परीक्षेपुरते न ठेवता दुकानातही बरोबर नेले, तर आईवडिलांचे पैसे वाचतील आणि तुमचे घोटेही वाचतील, असे मला वाटते.

प्रथम हा खेळ पायांकडून काय मागतो ते पाहू. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी हा खेळ सुरू केला. याचे मैदान अवघे २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, आणि तेवढ्या जागेत दहा खेळाडू असतात. साहजिकच सरळ धावायला फारसा वाव नसतो. चार पावले धावायचे, एकदम थबकायचे, आडवे सरकायचे, गर्रकन वळायचे, ३.०५ मीटर उंचीवरच्या कड्याकडे झेप घ्यायची आणि गर्दीतच खाली यायचे, असा हा खेळ आहे. पळण्यासाठी बनवलेला बूट यांपैकी पहिल्याच कामासाठी घडवलेला असतो. म्हणून 'खेळाचे बूट सगळे सारखेच' हा समज आधी सोडून द्या.

आता घर्षणाकडे वळू. धावता धावता तुम्ही थांबता ते सोल आणि जमीन यांच्यातील घर्षणामुळे. बास्केटबॉलच्या बुटाच्या तळाला बहुधा नागमोडी खाचा असतात. खेळाडू कोणत्याही दिशेला जाताना थबकू शकतो, म्हणून खाचांच्या कडाही निरनिराळ्या दिशांना वळलेल्या असतात. परंतु घर्षण जितके जास्त तितके चांगले, असे मात्र नाही. शरीर वळले आणि बूट जमिनीला चिकटूनच राहिला, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पकड हवी, पण वळताना सुटणारी हवी.

आपल्याकडील पुष्कळ शाळांची मैदाने उघड्यावरची आणि सिमेंटची असतात. अशा मैदानावर धुळीचे कण सोलखाली बारीक छर्ऱ्यांसारखे वागतात. मग महागडा बूटही घसरतो, आणि झाडलेल्या मैदानावर साधा बूट चांगली पकड घेतो. शिवाय सिमेंट रबराला कानशीसारखे घासते. लाकडी मैदानासाठी केलेला मऊ सोल तेथे लवकर झिजतो. सिमेंटवर खेळणाऱ्याने जरा टणक रबराचा आणि खोल खाचांचा सोल निवडावा. खाचा बुजल्या की, बूट वरून कितीही नवा दिसो, त्याने खेळणे थांबवावे.

एक सोपा प्रयोग करा. काडेपेटी टेबलावर उभी ठेवून तिच्या वरच्या टोकाला बोटाने आडवे ढकला. ती चटकन कलंडेल. आता तीच आडवी ठेवून ढकला. ती सरकेल, पण कलंडणार नाही. मऊ आणि उंच सोलवर उभे असताना तुमचा पाय त्या उभ्या काडेपेटीवरच असतो. आडवे थबकताना जमिनीचे बल सोलच्या तळाशी लागते आणि पाय मात्र वर असतो. हे अंतर वाढले की पाय कलंडण्याचा संभव वाढतो. पळण्याच्या बुटाची टाच पुष्कळदा उंच व मऊ असते; तीच येथे घात करते. तेव्हा सोल तळाशी रुंद असावा, फार उंच नसावा आणि बुटाने टाच घट्ट धरावी. दुकानात दोन परीक्षा घ्या. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहा. ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर तो नको. मग वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये.

'पण उडीच्या धक्क्याचे काय? त्यासाठी तर जाड, मऊ सोल हवा ना?' असे तुम्ही विचाराल. चला, गणित करू. खेळाडू ४५ सेंटिमीटर उंचीवरून खाली आला असे समजा. पाय टेकल्यापासून शरीर पूर्ण थांबेपर्यंत ते जेवढे अंतर खाली जाते, त्याने ४५ ला भागा आणि उत्तरात १ मिळवा. सरासरी बल वजनाच्या किती पट, ते मिळेल. गुडघे व कंबर वाकवून शरीर ३० सेंटिमीटर खाली आले, तर बल वजनाच्या अडीच पट होते. ५ सेंटिमीटरमध्येच थांबलो, तर ते दहा पट होते! सोल दबून दबून किती दबेल? सुमारे एक सेंटिमीटर. म्हणजे तुमचे गुडघे जे काम करतात, ते कोणताही सोल करू शकत नाही. मऊ उतरण्याची सवय हा सर्वांत चांगला बूट आहे, आणि तो फुकट मिळतो.

घोट्यापर्यंत येणारा उंच बूट पाय मुरगळू देत नाही, असा एक जुना समज आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उंच आणि बुटके बूट वाटून दिले होते. घोट्याच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ऑस्ट्रेलियातील खेळाडूंची एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात घोटा पूर्वी दुखावलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा संभव जवळजवळ पाचपट दिसला, आणि टाचेत हवेचे कप्पे असलेले बूट घालणाऱ्यांना चौपटीहून अधिक. कप्प्यांमुळेच पाय मुरगळतो, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. परंतु जादा पैसे देण्यापूर्वी विचार करायला हे पुरेसे आहे. याउलट, २००६ साली ७६५ शालेय फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात, एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम करणाऱ्यांचे घोटे कमी मुरगळले. या व्यायामाला एक पैसाही लागत नाही!

किंमत म्हणजे सुरक्षितता नव्हे, याचे एक गाजलेले उदाहरण सांगतो. २० फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतील एका महाविद्यालयीन सामन्यात, पहिले मिनिटही संपले नसताना, झायन विल्यमसन या तरुण खेळाडूने वळण्यासाठी पाय रोवला आणि त्याचा बूट फाटून पाय बाहेर आला. त्याचा गुडघा दुखावला. बूट नामांकित कंपनीचा होता. कोणतीही वस्तू तिच्यावर येणाऱ्या बलापुढे कधी तरी हार मानते; नाव छापल्याने तिची ताकद वाढत नाही.

आता मापाविषयी, आणि हे पालकांनीही वाचावे. 'वाढते वय आहे, दोन नंबर मोठाच घेऊ' हा हिशेब शर्टाला चालतो, खेळाच्या बुटाला चालत नाही. सैल बुटात पाय आतल्या आत घसरतो. जमिनीवर बूट थांबतो, पण पाय थांबत नाही. बोटे पुढे आदळतात, फोड येतात आणि घोटा लचकतो. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळी, खेळताना घालता तेच मोजे घालून, उभे राहून दोन्ही पायांचे माप घ्या. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. टाच वर उचलली जाऊ नये. साधा पण मापाचा बूट, महाग पण सैल बुटापेक्षा केव्हाही बरा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. संघासाठी एकसारखे चकचकीत बूट घेण्याआधी एक मोठा झाडू घ्यावा आणि खेळापूर्वी रोज मैदान झाडून घ्यावे. पहिली दहा मिनिटे तोल सांभाळण्याला आणि गुडघे वाकवून उतरण्याला द्यावीत. मुरगळलेला पाय पूर्ण बरा होईपर्यंत त्या मुलाला किंवा मुलीला, सामना कितीही महत्त्वाचा असो, मैदानात उतरवू नये. बूट नाहीत म्हणून कोणाला संघाबाहेर ठेवावे लागत असेल, तर शाळेने साध्या बुटांचे काही जोड निरनिराळ्या मापांत ठेवावेत.

मित्रहो, चांगला बूट जरूर घ्या. पण तो तुमच्या पायांचा मदतनीस आहे, मालक नव्हे. पुढच्या वेळी दुकानात गेलात की आधी बूट उलटा करा, पिळा, वाकवा, घालून दोनचार वेळा आडवे सरका, आणि मगच किंमत विचारा. दुकानदार जरा चकित होईल, होऊ द्या!