बाबांची रॅले

गेल्या पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेनिमित्त पुतण्या हैदराबादहून आमच्या इंद्रवेल्लीस आला, तो आपली गिअरची ‘माउंटन बाइक’ मोटारीवर बांधूनच. रुंद, खोल खाचांचे टायर, धक्के सोसणारा चिमटा आणि मडगार्डचा पत्ता नाही! ओसरीत बाबांची जुनी रॅले भिंतीस टेकून उभी होती. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, “काका, हे लोखंड अजून ठेवलंय? सोमवारी भंगारवाला येईल तेव्हा देऊन टाकू.” घरातील मंडळींनाही ते पटले. मी एवढेच म्हणालो, “सोमवारपर्यंत थांब.”

वाचकहो, या लोखंडाचे कूळ थोर आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथील रॅले नावाच्या रस्त्यावर सायकलींचा एक लहानसा कारखाना होता. प्रकृती खालावलेल्या फ्रँक बौडेन यांना सायकलच्या व्यायामाने नवी उमेद दिली. त्यांनी तो कारखाना घेतला आणि १८८८ मध्ये रस्त्याचेच नाव देऊन कंपनी स्थापिली. योगायोग असा, की त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. पुढील किर्लोस्कर उद्योगाचे मूळ त्या दुकानात आहे. १९५२ मध्ये बंगालमधील आसनसोल येथे सेन-रॅले कारखाना सुरू झाला आणि ही विलायती सायकल आपल्या देशात घडू लागली.

बाबांनी ती नांदेडहून मोटारीच्या टपावर घालून आणली. अठ्ठावीस इंची चाके, सळईचे ब्रेक, कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे! आठवड्याचे बाजार ते तिच्यावर करीत. चढ आला की उतरून ढकलीत. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती मडगार्डात भरून चाक जागीच अडे. म्हणून मृग लागला की बाबा मडगार्ड काढून माळ्यावर ठेवीत आणि दिवाळीस पुन्हा बसवीत. त्या बोडक्या सायकलीस लोक हसत.

रविवारी रात्री मी पुतण्यास म्हणालो, “तुझ्या सायकलीचे आजोबा माहीत आहेत का? अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी १९७०च्या दशकात तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जड श्विन सायकली कवडीमोलाने घेतल्या, त्यांची मडगार्डे काढली आणि डोंगरावरून खाली पिटाळल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. उतारावर ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच ‘रिपॅक’ पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठी पहिली नवी सायकल घडविली. तुझी सायकल भंगारातूनच जन्मली, बाबा! तिकडे त्यांनी हौसेने मडगार्ड काढले. इकडे तुझ्या आजोबांनी पोटासाठी.”

तो काही बोलला नाही. सकाळी मात्र तेलाची बुधली घेऊन ओसरीत बसला. नवे टायर-ट्यूब घातले, ब्रेकचे रबर बदलले आणि दुपारी रॅले घेऊनच बाहेर पडला. घामाघूम होऊन परतला, तेव्हा म्हणाला, “काका, चढावर उतरावंच लागलं. आजोबा गठ्ठ्यांसकट कसे जात असतील?”

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. परंतु तो विचारला गेला, याचेच समाधान वाटले. आपल्या माळ्यावर, ओसरीत अशी एखादी वस्तू असेल, तर ती देऊन टाकण्यापूर्वी मुलांना एकदा तिची हकिकत सांगावी. मग त्यांनीच ठरवावे.

भंगारवाला त्या सोमवारी आला होता. त्यास रद्दी दिली.