घोरणाऱ्याला हसण्याआधी

मागच्या सेमला आमच्या विंगमध्ये एक रिंगटोन फेमस होती. माझ्या रूम पार्टनरच्या घोरण्याची. रेकॉर्डिंग अर्थात अस्मादिकांचं! (आम्ही कॉन्व्हेंटवाले, पण हा शब्द मुद्दाम शिकलोय.)

त्यात घोरणं मध्येच थांबायचं. दहा-पंधरा सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज. सगळ्यात जास्त हशा तिथेच पिकायचा. म्हणजे एका मुलाचा श्वास बंद पडत होता आणि आम्ही हसत होतो.

या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो. तासाला ३० च्या वर वेळा असं झालं तर आजार तीव्र समजतात. सकाळी पेशंटला यातलं काहीच आठवत नाही. तो फक्त पहिल्या लेक्चरला डुलक्या काढतो आणि 'कुंभकर्ण' ही पदवी घेऊन वर्गाबाहेर जातो.

सुट्टीत त्याची तपासणी झाली आणि मशीन आलं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली हा उपाय पहिल्यांदा करून पाहिला. मशीन आपल्यासाठी श्वास घेत नाही. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं, बस्स! दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. मॅनोमीटर आठवा: १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. एवढ्याशा दाबावर माणसाची झोप परत येते!

पण पोरं आता त्याला 'फायटर पायलट' म्हणतात. म्हणून कोणी रूमवर आलं की तो मास्क उशीखाली लपवतो आणि तसाच झोपतो. हे मशीन आजार मुळापासून घालवत नाही. ज्या रात्री लावलं त्या रात्रीपुरतंच ते काम करतं, चष्म्यासारखं. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, मान्य. त्यात आपल्या हसण्याची भर कशाला? चष्मेवाल्याला आपण हसतो का?

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. पण श्वास अडकताना दिसला तर सकाळी त्याला नक्की सांगा. त्याला स्वतःला ते कळत नाही, रूम पार्टनरलाच कळतं. आणि सर, रोज डुलक्या घेणाऱ्याला बाहेर काढण्याआधी एकदा विचारा, रात्री झोप होते का?

ती रिंगटोन मी डिलीट केली. पण त्याआधी त्यानेच ती मागून घेतली होती, डॉक्टरांना ऐकवायला.