बक्षीस आणि बोली

कनिष्ठ वयोगटात पारितोषिक मिळवलेला खेळाडू व्यावसायिक क्रिकेटमध्ये टिकत नाही, हा समज मुंबईच्या उपनगरांत पक्का रुजलेला आहे. मीरा-भाईंदरमध्ये तो जरा जास्तच ठामपणे मांडला जातो, कारण त्याचा ताजा दाखला त्याच लोहमार्गाच्या टोकाला, विरारला वाढला. शाळेत विक्रम, कनिष्ठ विश्वचषकाचे कर्णधारपद, कसोटी पदार्पणात शतक आणि पंचविशीत आयपीएलच्या लिलावात एकही बोली नाही: पृथ्वी शॉची ही गोष्ट नेटबाहेर उभ्या असलेल्या पालकांना पाठ असते. तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा असा आहे.

पूर्वपक्षाकडे पुरावा नाही असे नाही. त्याचे आवडते उदाहरण १९८७ सालचे. त्या वर्षी मुंबई क्रिकेट संघटनेचा उत्कृष्ट कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार सचिन तेंडुलकरला मिळाला नाही. सुनील गावसकरांनी त्याला पत्र लिहून धीर दिला आणि पूर्वी हा पुरस्कार हुकलेल्या आणखी एकाचे कसोटीत काही बिघडले नाही, अशी स्वतःकडे बोट दाखवणारी कोपरखळीही मारली. यानंतर येते १९ वर्षांखालील विश्वचषकातल्या भारतीय कर्णधारांची यादी. २००० ते २०२४ या काळात १३ कर्णधार झाले. त्यांतले मोहम्मद कैफ, पार्थिव पटेल, अंबाती रायुडू, विराट कोहली, ईशान किशन आणि शॉ एवढे सहाच वरिष्ठ संघापर्यंत पोहोचले. २०१२ च्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करणारा उन्मुक्त चंद पुढे अमेरिकेला गेला. जालन्याचा विजय झोल कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा करून आणि २०१४ चे कर्णधारपद भूषवूनही भारताची टोपी मिळवू शकला नाही. शेवटचा बाण कल्याणच्या प्रणव धनावडेचा. जानेवारी २०१६ मध्ये त्याने आंतरशालेय भंडारी चषकात नाबाद १००९ धावा केल्या, ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला, आणि त्यानंतर वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्याचे नाव दिसले नाही.

या मांडणीत पहिली गफलत अशी की, तीन निरनिराळ्या गोष्टी तिने एका पोत्यात भरल्या आहेत. कर्णधारपद हे पारितोषिक नव्हे. ते स्पर्धेआधी दिले जाते, आणि देताना स्वभाव, अनुभव, ड्रेसिंग रूममधले वजन अशा बाबी पाहिल्या जातात. एका डावाचा विक्रम हेही पारितोषिक नव्हे; तो एका दिवसाचा, एका मैदानाचा आणि एका प्रतिस्पर्ध्याचा हिशेब असतो. धनावडेच्या सामन्यात समोरच्या आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते आणि मैदानाची एक सीमारेषा फारच जवळ होती. त्या मुलाने ३२७ चेंडू खेळताना दाखवलेला दम खरा, पण त्यावरून रणजीचा अंदाज बांधणारे चुकले. तो चुकला नाही. त्याच्यावर अपेक्षांचे ओझे टाकणाऱ्यांनीच पुढे त्याच्या नावाची म्हण केली, हे विशेष.

गावसकरांच्या पत्राचीही तीच गत. पुरस्कार न मिळताही मोठे होता येते, एवढेच ते सिद्ध करते. पुरस्कार मिळाल्याने लहान व्हावे लागते, हे त्यातून कसे निघते? शिवाय पुरस्कार न मिळालेली जी हजारो मुले आझाद मैदानावरून घरी गेली ती गेलीच. त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. मोजदाद फक्त बक्षीसवाल्यांची होते, म्हणून अपयशही त्यांचेच दिसते.

खरे पारितोषिक तपासायचे तर एक यादी उपलब्ध आहे. १९ वर्षांखालील विश्वचषकात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू निवडला जातो. २००० पासून २०२४ पर्यंत हा मान क्रमाने युवराज सिंग, ततेंदा तैबू, शिखर धवन, चेतेश्वर पुजारा, टिम साउदी, डॉमिनिक हेंड्रिक्स, विल बोसिस्टो, एडन मार्करम, मेहदी हसन मिराज, शुभमन गिल, यशस्वी जैस्वाल, डेवाल्ड ब्रेव्हिस आणि क्वेना माफाका यांना मिळाला. या १३ जणांपैकी ११ जण आपापल्या देशाकडून कसोटी खेळले. पुजारा १०३ कसोटी खेळला. तैबू, साउदी आणि गिल कसोटी कर्णधार झाले. उरले हेंड्रिक्स आणि बोसिस्टो. बोसिस्टोची सरासरी त्या स्पर्धेत २७६ होती, कारण २७६ धावा करताना तो एकदाच बाद झाला. सरासरीला भुलू नये, हा जुना नियम निवड समितीला त्या वर्षी आठवला नसावा. तरीही १३ पैकी ११ हा हिशेब पाहिल्यावर बक्षीसवाले विझतात असे म्हणणाऱ्याने पुरावा दुसरीकडे शोधावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पारितोषिकामुळे नाव होते, नावामुळे संधी मिळते, आणि संधी मिळालेला खेळाडू पुढे जातो. मग पारितोषिकाने गुण ओळखला की दार उघडले? दोन्ही घडते, हे मान्य करायला हवे. परंतु दार उघडणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेशी, म्हणजे लिलावाशी, तुलना केली की पारितोषिकाची नजर अधिक तयार ठरते. २०१८ चा आयपीएल लिलाव २७ आणि २८ जानेवारीला बंगळुरूत झाला. त्या वेळी कनिष्ठ संघ न्यूझीलंडमध्ये विश्वचषक खेळत होता. कमलेश नागरकोटीला ३ कोटी २० लाख, शिवम मावीला ३ कोटी, गिलला १ कोटी ८० लाख आणि शॉला १ कोटी २० लाख मिळाले. लिलाव संपल्यावर दोनच दिवसांनी, उपांत्य सामन्यात, गिलने पाकिस्तानविरुद्ध नाबाद शतक काढले आणि ३ फेब्रुवारीला स्पर्धेचे पारितोषिक त्याच्या हाती आले. बाजाराने नागरकोटी आणि मावीच्या वेगाला पैसे मोजले. नागरकोटीचे पहिले दोन हंगाम दुखापतीत गेले. मावी भारताकडून मोजकेच टी-ट्वेंटी सामने खेळला. पारितोषिकाने निवडलेला गिल २०२५ मध्ये कसोटी कर्णधार झाला. २००८ मध्ये तर लिलावाऐवजी कनिष्ठ विश्वविजेत्यांचा ड्राफ्टच झाला होता. दिल्लीने घरच्या कोहलीला सोडून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला, कारण फलंदाज त्यांच्याकडे भरपूर होते. बोली लावणारा संघ खेळाडू पारखत नसतो. आपल्या संघातली रिकामी जागा भरत असतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये हीच गोष्ट अधिक जुनी आहे. तिथे वर्षातील सर्वोत्तम विद्यार्थी खेळाडूला नेस्मिथ आणि वुडन हे पुरस्कार दिले जातात आणि त्यानंतर एनबीएचे संघ ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने खेळाडू उचलतात. १९८४ मध्ये हे दोन्ही पुरस्कार मायकल जॉर्डनला मिळाले. ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक तिसरा लागला, आणि त्याच्या आधी उचललेला सॅम बोवी हा उंचीमुळे आवडला होता. २००७ मध्ये पुरस्कार केविन ड्युरंटला होता, पहिली निवड मात्र सात फुटी ग्रेग ओडनची झाली. ओडनची कारकीर्द गुडघ्यांनी संपवली. उंची आणि वेग मोजता येतात; खेळ पाहावा लागतो.

अलीकडे मात्र काही वर्षी तिकडे पुरस्कार आणि ड्राफ्ट यांची फारकत झालेली दिसते. २०१७ चा विजेता फ्रँक मेसन ३४ वा निवडला गेला, २०१८ चा जेलन ब्रन्सन ३३ वा, २०२१ चा लुका गार्झा ५२ वा, आणि २०२२ च्या ऑस्कर चीब्वेला पुढल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतले नाही. कारण वयाचे आहे. सर्वांत होतकरू मुले एक वर्ष खेळून निघून जातात; मागे राहिलेले बावीस-तेवीस वर्षांचे खेळाडू अठरा वर्षांच्यांविरुद्ध खेळून पुरस्कार जिंकतात. मुंबईच्या शालेय क्रिकेटला हा इशारा लागू पडतो. मिशा फुटलेल्या मुलाने लहान गोलंदाजांना झोडपून केलेल्या धावा आणि समवयस्कांच्या कडव्या स्पर्धेत महिनाभर केलेल्या धावा यांना एकाच तराजूत घालता येत नाही. एवढे सांगूनही ब्रन्सन पुढे न्यू यॉर्क निक्सचा आधारस्तंभ झालाच. ३२ जणांना त्याच्याआधी निवडणारा बाजार तिथेही हुकला.

शॉचे उदाहरणही या कसोटीवर पुन्हा पाहावे लागते. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफिल्डकडून त्याने ५४६ धावा केल्या, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात १३४, आणि जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध रणजीत ३७९. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ नंतरची ही रणजीतील सर्वोच्च खेळी. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही तो विकला गेला नाही, हे खरे. पण शाळेतल्या ५४६ धावांनी जे सांगितले होते, ते ३७९ धावांनी नऊ वर्षांनी पुन्हा सांगितले. बिघडले ते त्यानंतर, आणि त्याचा दोष हॅरिस शिल्डच्या माथी मारणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्याच शाळेच्या सर्फराज खानने २००९ मध्ये १२ व्या वर्षी ४३९ धावा केल्या होत्या. त्याला कसोटी टोपी २०२४ मध्ये मिळाली. दरम्यान चौदा वर्षे गेली. त्या काळात त्याचे नावही ‘विझलेल्यांत’ घेतले जात होते.

पश्चिम रेल्वेवरच्या मुलांच्या बाबतीत बक्षीस आणि बोली यांच्यामध्ये काय असते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. भाईंदर चर्चगेटपासून ४० किलोमीटरहून दूर. चांगले सामने आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे होतात. किट बॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणे हाच पुष्कळांचा पहिला गाळणीचा टप्पा. जे टिकले त्यांच्यामागे बहुधा कुणीतरी उभे होते. पालघरच्या शार्दूल ठाकूरला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीला आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांनीच रोहित शर्माला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत फी माफ करवून आणले होते. शॉच्या राहण्याची सोय सांताक्रूझला झाली. आझाद मैदानावरच्या तंबूत राहणाऱ्या जैस्वालला ज्वाला सिंग यांनी आधार दिला. बक्षीस मिळाल्यावर मूल कशाने मागे पडते याचे उत्तर मुलाच्या डोक्यात गेलेल्या हवेत शोधण्यापेक्षा या मधल्या पायऱ्यांत शोधले, तर निदान काही करता येण्याजोगे हाती लागते.

यशाचे माप भारतीय संघ किंवा आयपीएलची रक्कम एवढेच धरणे, ही पूर्वपक्षाची आणखी एक चूक. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने हॅरिस शिल्डमध्ये ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा अमोल मुझुमदार पॅड बांधून वाट पाहत बसला होता. रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून मुझुमदारच होते. लिलावाच्या हिशेबात ही कारकीर्द कुठल्याच रकान्यात बसत नाही.

महाराष्ट्राच्या मातीतल्या खो-खोमध्ये तर प्रश्न मुळातूनच वेगळा होतो. तिथे राष्ट्रीय स्पर्धांतून मुलांना भरत, वीर अभिमन्यू व एकलव्य, आणि मुलींना इला, जानकी व राणी लक्ष्मीबाई हे पुरस्कार दिले जातात. २०२२ मध्ये सहा संघांची अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि खेळाडू ड्राफ्टमधून निवडले गेले. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजचा कर्णधार झाला. त्याचा संघ अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सकडून एका गुणाने हरला. मुलींच्या तीनही पुरस्कारांची मानकरी प्रियांका इंगळे हिच्यासाठी मात्र ड्राफ्टच नव्हता, कारण लीग केवळ पुरुषांची होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष संघाचे नेतृत्व वाईकरकडे होते, महिला संघाचे इंगळेकडे, आणि दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. तोवर लीगचे दोन हंगाम पार पडले होते. दोन्ही फक्त पुरुषांचे होते.